दोनशे चाळीस आणि दहा

म्हाताऱ्याच्या मुठीत वायर होती.

म्हणून तर विजेच्या निरीक्षक बाईंना बोलावणं गेलं. नाहीतर पिकलं पान ऐन थंडीत गळलं, यात विजेचं काय नि बाईंचं काय?

फौजदार जिन्यातच भेटला. मफलरमधून नाक तेवढं बाहेर.

"या मॅडम. पाच मिनिटांचं काम आहे. शॉक लागला की नाही एवढं सांगा. लागला असेल तर मुलाला उचलतो."

"आणि नसेल लागला तर?"

"तर देवानं उचललं म्हणायचं. मला दोन्ही चालेल."

"मुलानं काय केलंय?"

"हीटरची वायर त्यानंच बदलली. खाली बल्ब-पंख्यांचं दुकान आहे ना, ते त्याचं. आणि बापलेकांत विस्तव जात नव्हता."

बाईंनी येताना ते दुकान पाहिलं होतं. काचेमागे नवे कोरे हीटर रांगेनं मांडलेले. त्यातला एक गिऱ्हाइकांना दाखवायला चालू ठेवलेला, लालबुंद.

*

वरची खोली लांबलचक, उंच छताची. म्हातारा जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा आणि संध्याकाळी इथे शिकवण्या घ्यायचा. सगळं गाव त्याला सर म्हणे. लांब टेबल अजून होतं. कपाटात तारांची वेटोळी, जुन्या बॅटऱ्या, धूळ. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची साय धरलेली.

आतून. बाईंनी ती नखानं खरवडून पाहिली.

कोपऱ्यात पलंग. दोन रजया बाजूला सारलेल्या. जमिनीवर सर कुशीवर पडलेले, हीटरकडे तोंड करून. उजव्या मुठीत हीटरची वायर. डाव्या कोपराशी घंटेचं बटण, लांब दोरीला लोंबणारं, आजारी माणसाला देतात तसलं.

"डॉक्टर बघून गेले," फौजदार म्हणाला. "भाजल्याची खूण नाही, गारठून गेले म्हणाले. पण मूठ बघा ना. शॉक लागला की हात चिकटतो, हे आम्हालाही कळतं."

बाईंनी वाकून मूठ बघितली. वायरीवरचं आवरण अखंड होतं. कुठे चीर नाही, कुठे उघडी तार नाही. आणि मूठ आवळलेली नव्हती. आजाऱ्याचा ताप बघताना मनगट धरावं, तशी अलगद होती.

"शॉक नाही," त्या म्हणाल्या.

फौजदारानं सुस्कारा सोडला. एवढ्यावर भागत होतं. बाई निघाल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि आपण सगळे म्हणालो असतो, सुटले बिचारे.

पण बाईंना एक खोड होती. समोर काटे दिसले की वाचल्याशिवाय त्यांचा पाय निघत नसे.

आणि पलंगाच्या वर, भिंतीवर, लाकडी पाटीवर दोन गोल मीटर होते. एक व्होल्टचा, एक अँपिअरचा. सरांनीच कधीकाळी बसवलेले. खोलीतली सगळी वीज त्या पाटीतून जायची. आत्ता दोन्ही काटे शून्यावर झोपले होते, कारण फौजदारानं येताक्षणी मेन बंद केलं होतं.

"आधी यांना खाली न्या. मग मेन चालू करा."

"आता कशाला? चांगलं मिटतंय की."

"खिडकीला आतून बर्फ का धरलाय, ते बघू."

*

सरांना खाली सुनेच्या खोलीत नेलं. मग मेन चालू झालं.

हीटरमध्ये दोन कांड्या. दोन्ही हळूहळू तांबूस झाल्या. दारातून बघणाऱ्याला वाटावं, चालू आहे. बाईंनी हात जवळ नेला. अजून जवळ नेला.

"पाटीवर काय दिसतं?"

फौजदार टाचा उंचावून वाचू लागला. "व्होल्ट दोनशे चाळीस. अँपिअर... अडीच."

"हीटरच्या मागे पत्र्याची पट्टी असेल. तिच्यावर?"

"दोनशे चाळीस व्होल्ट, चोवीसशे वॅट."

"वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. मग अँपिअर किती हवेत?"

फौजदारानं ओठ हलवत भागाकार केला. "दहा."

"आहेत किती?"

"अडीच. म्हणजे कमी आहेत. जुना झाला असेल हो. माणूस जुना, हीटर जुना."

"कमी नाहीत. बरोब्बर चौथाई आहेत. जुनं यंत्र असं हिशेबानं म्हातारं होत नाही, फौजदार. आता व्होल्टला अँपिअरनं भागा. तो हीटरचा रोध, विजेला होणारा अडथळा. दहा अँपिअर असते तर चोवीस ओहम. आता?"

"दोनशे चाळीस भागिले अडीच..." तो अडकला.

"शहाण्णव. चोवीस चोक शहाण्णव."

त्यांनी पिशवीतून स्वतःचा मीटर काढून ताडून पाहिलं. भिंतीवरचे काटे खरे होते. बापडे खरं सांगत भिंतीवर बसले होते आणि त्यांच्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती.

*

तोवर फौजदारानं मुलाला जिन्याच्या पायरीवर बसवून दुसऱ्यांदा पिळलं. प्रश्न तेच ते. उत्तरं तेवढी ऐका.

"हो, मीच बदलली."

"उंदरानं कुरतडली होती."

"दुकानातलीच. हलकी होती, मान्य. हाताशी तीच होती."

"भांडण कसलं? वायर घातली त्याच संध्याकाळी जिन्यातून ओरडले. म्हणे, हाताला कोमट लागते, बापालासुद्धा स्वस्तातला माल विकतोस. सगळ्या गल्लीनं ऐकलं. तेव्हापासून मी वर पाऊल टाकलं नाही."

"नाही. नंतर वायरीवरून एकदाही ओरडले नाहीत."

"वकील? मला कशाला वकील?"

शेवटचं बोलताना त्याचा आवाज फाटला. दाराआडून बायको ऐकत होती. तिचं पोर तिच्या पदराला धरून होतं.

*

सून हातातला कप ठेवायचं विसरली होती. सकाळी सासऱ्यांना नेलेला तोच चहा.

"मामंजींना तुम्हीच पाहिलंत आधी?" बाईंनी विचारलं.

"हो. वन्सं पहाटेच कॉलेजला गेल्या होत्या. बाजूच्याच खोलीत निजतात त्या. झोपलेत असं समजून गेल्या असतील."

"सर खाली का येत नव्हते? खाली ऊब आहे."

"मुलाच्या दारात ऊब मागायला जाणार नाही म्हणायचे. मोडेन पण वाकणार नाही, असला स्वभाव. आणि आताशा स्वतःलाच दोष द्यायला लागले होते."

"म्हणजे?"

"त्यांना दिसत नव्हतं ना. मोतीबिंदू पार पिकलेला. मग रोज संध्याकाळी, मी सूप घेऊन वर जायची तेव्हा, बापलेकीचं ठरलेलं चालायचं. ते विचारायचे, व्होल्ट? वन्सं पाटीकडे बघून सांगायच्या, दोनशे चाळीस. अँपिअर? दहा. मग ते पाढा म्हटल्यासारखं म्हणायचे, दोनशे चाळीस दाहे चोवीसशे. म्हणजे हीटर ठीक आहे, मीच विझत चाललोय."

तिनं कप अखेर खाली ठेवला.

"मला आकड्यांतलं काय कळतं बाई? मला वाटायचं, किती छान. लेक बापाशी बोलते तरी."

"वन्सं कॉलेजात काय शिकवतात?"

"मामंजींचाच विषय. त्यांचीच पट्टशिष्या. आता दूरच्या मोठ्या कॉलेजातनं बोलावणं आलंय म्हणे. तिसऱ्यांदा. पहिल्या दोन खेपांना मामंजी म्हणाले, मी मेल्यावर जा."

*

लेक कॉलेजातून निरोप मिळताच परतली होती. ताठ मानेची, केस घट्ट बांधलेले, डोळे कोरडे. ती बापाच्या टेबलाशी उभी राहिली.

"हीटर चालू होता," ती आपणहून म्हणाली. "दोन्ही कांड्या पेटलेल्या होत्या. वहिनीनंही पाहिलं. त्यांचं वयच झालं होतं."

"घंटा तुमच्या खोलीत वाजते?"

"हो. मीच बसवलीय."

बाईंनी बटण दाबलं. पलीकडे कर्कश घंटा वाजली. मेलेलाही उठून बसेल अशी.

"रात्री वाजली होती?"

"नाही."

बाईंनी बटणाचे स्क्रू काढले. झाकण उघडलं. आत दोन तारा व्यवस्थित आवळलेल्या, आणि प्रत्येक तारेला स्क्रूच्या अलीकडे एक छोटं वेटोळं मोकळं सोडलेलं.

"हे काय?"

लेक काही बोलायच्या आत दारातून तिचा भाऊ बोलला. त्याला राहवलं नाही. भीतीतसुद्धा माणसाला जुनी खपली काढायचा मोह आवरत नाही.

"ते बाबांचं शेपूट. पुढच्या हातासाठी. उद्या कुणी हे उघडलं तर त्याला कापायला-जोडायला तार उरली पाहिजे, म्हणे. मी तसं नाही करायचो म्हणून वर्गात पट्टी खाल्लीय. धंद्यात शेपटं सोडत बसलो तर भीक लागेल. ही मात्र सोडायची. गुणाची बाळ."

"दादा, आता तरी," बहीण म्हणाली.

"आता तरी काय? मला न्यायला निघालेत. तुला काय जातंय?"

*

मग बाईंनी हीटरचा प्लग काढला आणि मागचा पत्रा उघडला.

इथे जरा थांबा. वाचणाऱ्याच्या हातात आता सगळं आहे. हीटरला दोन कांड्या. पाटीवर अडीच. सुनेच्या कानावर दहा. पहिल्या संध्याकाळी कोमट असलेली वायर. बटणातलं शेपूट. कोपराशी पडलेली, न वाजलेली घंटा. पत्र्याआड काय निघालं ते वाचण्याआधी वाटलं तर उत्तर मनाशी धरून ठेवा. धरवलं तर.

*

"सगळे आत या," बाई म्हणाल्या. "फौजदार, दार लोटून घ्या. ऊब राहू दे, असेल तेवढी."

त्या सरांच्या टेबलाशी बसल्या. टेबलावर उघडा हीटर.

"एकेक कांडी अठ्ठेचाळीस ओहमची आहे, आत्ताच मोजली. कंपनीतून येतात तेव्हा दोन्ही शेजारी शेजारी जोडलेल्या असतात. एका खोलीला दोन दारं असावीत तसं. वीज दोन्ही दारांतून एकदम जाते, म्हणून अडथळा निम्मा होतो. चोवीस. अँपिअर दहा, ऊब चोवीसशे वॅट."

"आणि एक कांडी जळाली तर?" फौजदारानं विचारलं. त्याचा मफलर आता सुटला होता.

"तर एकच दार. अठ्ठेचाळीस. अँपिअर पाच. पण इथे पाच नव्हते. अडीच होते. शहाण्णव ओहम व्हायला एकच वाट आहे. दोन्ही दारं एकामागे एक लावायची. एका कांडीतून निघालेली वीज दुसरीतून न्यायची. दोन्ही कांड्या तांबूस दिसतात, ऊब मात्र चौथाई. सहाशे वॅट, एवढ्या मोठ्या खोलीला. हे उंदीर करत नाही, वय करत नाही. हे हातानं करावं लागतं, आणि समजून करावं लागतं. एक कांडी तोडली असती तर सूनबाईंना दिसली असती. दोन मंद कांड्यांकडे कोण बघतो?"

"म्हणजे खूनच," फौजदार मुलाकडे वळला. "चल रे."

"थांबा. यांनी वायर घातली त्या संध्याकाळी सर ओरडले, वायर कोमट लागते. हलकी वायर दहा अँपिअरनं कोमट होतेच. म्हणजे त्या दिवशी हीटर पुरा चालत होता."

"नंतर येऊन बदललं असेल."

"तेही बघितलं. हे यांचे सांधे. घट्ट, आखूड, तार अगदी स्क्रूपाशी छाटलेली. इतकी आखूड की नव्या जागी पोहोचतच नव्हती. म्हणून जोडणी बदलणाऱ्याला वेगळा वीतभर तुकडा लावावा लागला. हा बघा. आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांना हे बघा."

दोन छोटी वेटोळी. नीटनेटकी, सारख्या आकाराची.

सून पुढे वाकली आणि तिनं तोंडावर हात घेतला.

"सरांना दिसत नव्हतं. भावानं आयुष्यात शेपूट सोडलं नाही. अंगात मुरलेली सवय चोरी करतानाही सुटत नाही," बाई लेकीकडे बघत म्हणाल्या. "पुढच्या हातासाठी तार ठेवलीत. पुढचा हात माझा निघाला."

लेक शांत होती. वर्गात अवघड प्रश्न आला की असावी तशी.

"मला त्यांना मारायचं नव्हतं. गारठले की खाली जातील, दादाकडे, असं वाटलं. एकदा खाली गेले असते तर मी सुटले असते. बारा महिने तेरा काळ मीच का? दादानं एकदा तरी म्हटलं, मी बघतो?"

भावानं मान खाली घातली. ते मात्र खरं होतं.

"तेवढंच असतं तर गोष्ट वेगळी होती," बाई म्हणाल्या. "मग दहा का सांगितलंत?"

"हीटर बिघडलाय म्हटलं असतं तर त्यांनी दुरुस्त करायला लावला असता."

"पटलं. पहिल्या दिवशी पटलं. पण ते खाली गेले नाहीत. तुमच्यासमोर म्हणू लागले, मीच विझत चाललोय. रोज म्हणत होते, सूनबाईंनी ऐकलंय. तेव्हा तुम्हाला कळलं की हे खाली जाणार नाहीत, इथेच संपणार. त्या दिवशी हा तुकडा काढता आला असता. काय लागतं? एक स्क्रू ड्रायव्हर, नि ते अंघोळीला गेलेले असले की झालं."

लेकीची नजर भिंतीवरच्या पाटीकडे गेली.

"तुम्ही पाटीकडे बघत होतात. काटा अडीचवर दिसत होता, आणि तुम्ही दहा म्हणत होतात. आंधळ्या बापाला. ज्यानं तुम्हाला काटा वाचायला शिकवला."

"आणि मला नेत होते," भाऊ म्हणाला. तो ओरडला नाही, हेच वाईट. "तू उभी राहून बघत होतीस, ताईसाहेब. मला नेत होते."

"तुला नेलं असतं तर तुला कळलं असतं," बहीण म्हणाली, "कोंडून राहणं कसं असतं ते."

फौजदारानं घसा खाकरला. "चला, बाई," तो तिला म्हणाला. तिनं शाल उचलली, घडी मोडली, पुन्हा घातली. दारापर्यंत गेली. मग वळली. इतका वेळ कोरडे राहिलेले डोळे आता निरीक्षक बाईंवर खिळले.

"घंटा त्यांच्या हाताशी होती. मी बाजूलाच होते. वाजवली असती तर मी आले असते. आईशप्पथ, आले असते. का नाही वाजवली त्यांनी?"

बाईंना हा प्रश्न टाळता आला असता. वाटलंच नसेल, सुचलं नसेल, असं काहीतरी म्हणता आलं असतं. पण काटे वाचायची खोड वाईट.

"वाजवायचीच होती. म्हणून तर पलंगावरून उतरताना बटण बरोबर घेतलं. रजया बाजूला सारून, एवढ्या थंडीत, जमिनीवरून सरपटत आले. पण वाजवण्याआधी त्यांना एक गोष्ट तपासायची होती. दिसत नव्हतं, हाताला तर कळत होतं. दहा अँपिअरला ही वायर कशी लागते ते त्यांना ठाऊक होतं, आणि दहा हा आकडा रोज तुम्हीच सांगत होतात."

लेकीनं हातातली शाल छातीशी धरली.

"वायर गार होती," बाई म्हणाल्या.